हिवाळा, समुद्र, लोकर आणि भट्टी: सोलापूरकरांनी कुठं जावं?

सुईदोरा
नमस्कार मंडळी,

समुद्र उन्हाळ्याच्या सुट्टीतच बघायचा, हे आपल्याकडे कोणी ठरवलं देव जाणे. मे महिन्यात सोलापुरातल्या ४३ अंशांतून निघायचं आणि कोकणात जाऊन घाम पुसत बसायचं. त्यापेक्षा डिसेंबर-जानेवारीत जावं, असं माझं मत आहे. हवा बरी असते, आंबा-फणसाची घाई नसते, आणि तिथं करण्यासारखं फारसं काही नसतं. मला नेमकं तेच हवंय.

घरात आई आहे, पंचाहत्तरीला टेकलेली, आणि मावशी. आई क्रोशाची, मावशी दोन सुयांची. मावशीचे यजमान गेल्या पावसाळ्यात गेले. तेव्हापासून ती आमच्याकडेच असते आणि विणकामाची पिशवी तिने अजून उघडलेली नाही. मला स्वतःला भाजण्याचा नाद. पाव, नानकटाई, केक, जे जमेल ते. तर डोक्यात असं आहे की आठवडाभर समुद्राकाठी स्वयंपाकघर असलेलं एखादं घर घ्यावं. दोघी ओसरीवर बसतील, मी ओव्हनपाशी, बहीण पुण्याहून पोरांना घेऊन येईल. पॉइंट, बोटिंग, वॉटरस्पोर्ट यातलं काही नको.

भावाचं म्हणणं, "विणकाम अन् पाव इथं होत नाही काय? त्यासाठी एवढी गाडी हाणायची?"

तर प्रश्न असे: गाव कुठलं घ्यावं, गुडघे दुखणाऱ्या बायकांना झेपेल असा किनारा कोणता, ओव्हन सोबत न्यावा का. आणि भावाचं बरोबर आहे का? याचं उत्तर नाही दिलंत तरी चालेल.

पूर्वभागवाला
भावाचं बरोबर हाय. धागा बंद करा.

खवय्या_नवीपेठ
बाई, डिसेंबर-जानेवारीत सोलापूर सोडून कोण जातं? अख्खं वर्ष भाजून निघतो आपण, आत्ता कुठं सकाळी तोंडातून वाफ निघायला लागलीय. वर्षातले दोन महिने हे गाव स्वर्ग असतं आणि तेवढ्यात तुम्ही बाहेर! हुरडा सुरू होईल, वांगी गोड असतील, बाजारात ओला हरभरा, पेरू, बोरं. उलट कोकणातल्या लोकांनी इकडं यायला पाहिजे.

पूर्वभागवाला
@खवय्या तोंडातून वाफ म्हणे. किती डिग्री होतं बे? १४ ला स्वेटर घालून मंगळवार बाजारात फिरणारी माणसं आपण. थंडी बघितलीय कुणी सोलापुरात?

खवय्या_नवीपेठ
१४ ला तू पण कानटोपी घालून चहाच्या गाड्यावर उभा असतोस. फोटो टाकू का?

माळरान
जरा वेगळं बोलतो, राग मानू नका. हल्ली मोबाईलवर एक ठरावीक चित्र येतं. खिडकीबाहेर राखाडी समुद्र, आत मेणबत्ती, मांडीवर लोकरीचं पांघरूण, हातात कोको, ओव्हनमधून निघणारी दालचिनीची बिस्किटं. चित्र सुंदर आहे, पण ते ५५-६० अक्षांशावरचं आहे. कोकणात डिसेंबरात दुपारी पारा तिशीच्या पुढे असतो. रत्नागिरीला जानेवारीतली पहाटही सरासरी १८-१९ अंशांची असते. सोलापूरची पहाट त्यापेक्षा थंड असते. म्हणजे ऊब शोधायला तुम्ही जास्त उबदार जागी निघालात. लोकर मांडीवर घेऊन बसलात तर दुपारी फोड येतील.

दुसरं म्हणजे, मावशींना विचारलंत का? माणूस गेल्यावर घर सोडून आपल्याकडे आणलंत, आता तिथून आणखी एका परक्या घरात नेणार. आपल्याला वाटतं जागा बदलली की मन बदलतं. माझ्या वडिलांच्या वेळी आम्ही आईला असंच फिरवलं. ती प्रत्येक ठिकाणी हसून फोटोला उभी राहायची आणि रात्री विचारायची, घरी कधी जायचं.

निशिगंध_स
माळरान, मुद्दा पटला, पण थोडं सौम्य लिहिलं असतंत तर बरं झालं असतं.

सुईदोरा
@माळरान, सौम्य नको, असंच लिहा. विचारलं. आधी म्हणाली, "तुम्ही म्हणाल तसं." हे तिचं हल्लीचं ठरलेलं उत्तर आहे, त्याला मी हो समजत नाही. दुसऱ्या दिवशी भाजी निवडताना आपणहून म्हणाली, "तिथं लोकर न्यायची का? खाऱ्या हवेत सुया गंजतात का गं?" तेवढ्यावरच मी हा धागा काढलाय. ती काकांबरोबर एकदाही समुद्रावर गेली नव्हती. मिलच्या नोकरीत आणि नंतरच्या ओढाताणीत राहूनच गेलं. त्यामुळे तिथं आठवणींचा सापळा नाही, हे माझं गणित. चुकत असेल तर सांगा.

चित्राबद्दल मात्र कबूल नाही. कोको मला आवडत नाही आणि मेणबत्ती आमच्याकडे लाईट गेल्यावर लावतात.

भाऊ_दापोलीकर
आता कोकणातल्या माणसाला बोलू द्या.

माळरान यांनी आकडे बरोबर दिले, पण आकड्यांत वारा नसतो. दुपारी जमीन तापली की समुद्रावरून खारे वारे सुटतात. रात्री जमीन लवकर निवते, मग डोंगराकडून समुद्राकडे मतलई वारे. हिवाळ्यात हा खेळ रोज चालतो. पहाटे चार ते आठ मतलई वारं असतं तेव्हा समुद्र एकदम शांत, लाटा आखडलेल्या, आणि ओसरीवर बसलात तर शाल लागतेच. दुपारी बाराच्या पुढे वाळूवर थांबू नये. साडेचारनंतर परत छान. म्हणजे विणकाम सकाळी आणि संध्याकाळी, भाजणं मधल्या वेळात. तुमचं वेळापत्रक आयतंच आहे.

थंडीच हवी असेल तर दापोली गाव घ्या. समुद्रापासून जेमतेम दहा-बारा किलोमीटर आत, पण पठारावर असल्याने पहाटे चांगलं गारठतं, कधीकधी पारा दहाच्याही खाली जातो. खाली उतरलं की मुरूड, कर्दे, हर्णै. हर्णै बंदरावरचा मासळीचा लिलाव आईंना जरूर दाखवा. खाणाऱ्या नसतील तरी ती बोली ऐकण्यासारखी असते.

गुडघ्यांसाठी मी गुहागर सुचवीन. किनारा लांबलचक आणि सपाट, सुरूच्या बनातून थेट वाळूवर, पायऱ्या-चढ काही नाही, आणि गाव किनाऱ्याला समांतर असल्याने बऱ्याच घरांच्या मागच्या अंगणातून समुद्र लागतो. गणपतीपुळे दर्शनाला ठीक, पण तिथला किनारा उतरता आहे, ओढ वाईट. पोरं सोबत असतील तर नकोच. हिवाळ्यात गुहागरला सीगल उतरलेले असतात, शेकड्यांनी.

सुया: साध्या, स्टेनलेस नसलेल्या स्टीलच्या गंजतात. बांबूच्या किंवा अॅल्युमिनियमच्या घ्या. आणि लोकरीचा गुंडा वाळूत पडू देऊ नका, ती रेती परत निघत नाही.

सुईदोरा
भाऊ, तुमची पोस्ट कागदावर उतरवून घेतली. बांबूच्या सुया आजच मागवते.

पूर्वभागवाला
सीगलच बघायचे तर उजनीला जावा की. रोहित पक्षी पण दिसतील. सोलापूर जिल्ह्यातला समुद्र हाय तो. जेवायला भिगवणचा मासा. अन् संध्याकाळी घरी.

खवय्या_नवीपेठ
आणि हिप्परगा तलावावर बीच रिसॉर्ट.

अबर्डीनकर
माळरान यांनी ज्या राखाडी समुद्राचं वर्णन केलं त्याच्या काठावर मी राहतो, म्हणून लिहितो. मूळचा साखर पेठेतला, नोकरीमुळे बरीच वर्षं स्कॉटलंडच्या ईशान्य किनाऱ्यावर.

आत्ता डिसेंबरात इथं पावणेनऊला उजाडतं आणि साडेतीनला अंधार. सगळा मिळून दिवस सात तासांहूनही छोटा. पारा शून्य ते सहाच्या आसपास, पण खरी शिक्षा वाऱ्याची. पहिल्या हिवाळ्यात मी किनाऱ्यावर फिरायला गेलो, पाचच मिनिटांत कान बधिर. तेव्हा कळलं की इथल्या लोकांना घरात बसण्याची कला का यावी लागते. विणकाम, भाजणं, शेजाऱ्यांना बोलावणं, हे सगळं अंधार घालवायचे उपाय आहेत. छंद म्हणून कोणी सुरू केलेलं नाही.

विणकामाचंच घ्या. या किनाऱ्यावरच्या कोळ्यांचा स्वेटर असतो, गँझी म्हणतात. पीळदार लोकर, बारीक सुया, इतकी घट्ट वीण की वारा आत शिरत नाही. शिवण नाही, गोल गोलच विणत जायचं. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी हेरिंग माशांच्या मागे बोटी शेटलंडपासून खाली इंग्लंडच्या यारमथपर्यंत जायच्या आणि मासे साफ करणाऱ्या मुली बंदरोबंदर त्यांच्या मागून. काम नसेल तेव्हा त्या चालता चालता विणायच्या. मला हे वाचून आपल्या विडी वळणाऱ्या बायका आठवल्या. गप्पा मारताना, पोराला झोका देताना, हात चालूच.

एक दंतकथा इथं पर्यटकांना हमखास सांगतात: प्रत्येक घराण्याची वीण वेगळी, म्हणजे बुडालेल्या कोळ्याचं प्रेत किनाऱ्याला लागलं तर स्वेटरवरून ओळख पटावी. ऐकायला भारी आहे. पण ती पसरली ती १९०४ च्या एका आयरिश नाटकातल्या प्रसंगावरून. त्यातही स्वेटर नाहीच, मोजा आहे, आणि बहीण तो ओळखते सुटलेल्या टाक्यांवरून.

आता खाण्याचं. इथं ओटकेक नावाचा प्रकार आहे. ओटच्या पिठाची पातळ भाकरी तव्यावर भाजायची आणि मग विस्तवासमोर उभी करून कडक वाळवायची. महिनोन्महिने टिकते. पहिल्यांदा खाल्ली आणि मी घरी फोन करून आईला सांगितलं, इथं कडक भाकरी मिळते. आईने विचारलं, शेंगाची चटणी आहे का? नव्हती.

आणखी एक बटरी म्हणून पाव मिळतो, चपटा, खारट, चरबीने ओथंबलेला. सांगतात की बोटीवर जाणाऱ्या कोळ्यांसाठी काढला, कारण फार दिवस शिळा होत नाही.

कडकभाकरी
लॉगिन करायला लावलंत तुम्ही मला.

अबर्डीनकर साहेब, कडक भाकरीचं नाव स्कॉटलंडात निघालं याचा आनंद आहे. सुईदोरा ताई, भट्टी-भट्टी करता, पण आपलं मूळचं भाजणं हेच. मालदांडी ज्वारीचं पीठ, उकळीचं पाणी, पातळ थापायची, तव्यावर आणि मग विस्तवाला लावून ओल पार घालवायची. ओल गेली की बुरशी नाही. वारीला, यात्रेला, मळ्यावर, प्रवासाला हीच. ज्वारीला गव्हासारखा चिकटपणा नसतो, पण कुरकुरीत मस्त होते. तेव्हा ओव्हन न्या नाहीतर नका नेऊ, कडक भाकरीचा डबा घेतल्याशिवाय निघू नका.

निशिगंध_स
पण कोकणात ती सादळेल ना? आमची नानकटाई रत्नागिरीत एका रात्रीत मऊ पडली होती.

सुईदोरा
हो, सादळण्याची मलाही काळजी आहे. माझी नानकटाई साजूक तुपाची असते. तूप थंड पाण्याने फेटून पांढरं करायचं, मग पिठीसाखर, मैदा, थोडं बेसन, चिमूटभर जायफळ. सोलापूरच्या उन्हाळ्यात तूप वितळून गोळा पसरतो, म्हणून मी ती दिवाळी ते शिवरात्र एवढीच करते. समुद्राकाठी गोळा पसरतो का, कोणी करून बघितलंय?

भाऊ_दापोलीकर
हिवाळ्यात नाही पसरणार, सकाळी करा. सादळेल मात्र. ट्रे बाहेर काढल्यावर पूर्ण निवू द्या, लगेच पत्र्याच्या डब्यात, वर घट्ट झाकण. सादळलीच तर परत १० मिनिटं मंद ओव्हनमध्ये. पावसाळ्यापुढे हिवाळ्याची हवा काहीच नाही.

बेकरीवाल्याचा_नातू
आजोबांची भट्टी होती म्हणून सांगतो. लाकडावरच्या भट्टीत आधी पाव लागायचे, कारण त्याला कडक आच. पाव निघाले की आच उतरत जाते, त्या उतरत्या आचेवर नानकटाई आणि खारी. दिवाळीच्या आधी गल्लीतल्या बायका तूप, मैदा, साखर घेऊन यायच्या, आम्ही मजुरीवर भाजून द्यायचो. प्रत्येकीचा पत्र्याचा डबा, वर नावाची चिठ्ठी. ओळीत बसून गप्पा. कोणाचं तूप कमी, कोणी डालडा मिसळलाय, सगळं तिथंच कळायचं. नाताळात ख्रिस्ती घरांचे केकचे साचे यायचे, तेही याच भट्टीत.

सांगायचा मुद्दा, घरचा छोटा ओव्हन १२०० ते २००० वॅटचा असतो. साध्या प्लगवर लावू नका, जाड पिनेचा पॉवर प्लग आहे का ते आधी मालकाला विचारा. इन्व्हर्टरवर चालत नाही. कोकणात लाईट गेली तर अर्धा भाजलेला केक तसाच. त्यापेक्षा जाड बुडाचं पातेलं, तळाशी मीठ, वर जाळी, गच्च झाकण, गॅसवर. नानकटाई उत्तम होते. पावाला नाही जमत.

माळरान
नातू, मजुरीवर भाजून देणारी भट्टी आता कुठं उरलीय का सोलापुरात?

बेकरीवाल्याचा_नातू
आमची तर नाही. जागेवर मोबाईलचं दुकान आहे. भाडं मात्र वेळेवर येतं.

सणगर_सांगोला
अबर्डीनकरांनी स्वेटरचं लिहिलं म्हणून आमच्या घोंगडीचं लिहितो. दख्खनी मेंढीची लोकर राठ असते, स्वेटरला अंगाला टोचेल. धनगर कातरतात, घरातल्या म्हाताऱ्या सूत काढतात, आम्ही सणगर लोक मागावर विणतो. ताण्याला चिंचोक्याची खळ लावतात, त्यामुळे नवी घोंगडी पत्र्यासारखी ताठ असते. वापरून वापरून मऊ येते. पावसात मेंढक्याच्या डोक्यावर हीच खोळ. लोकर आपल्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा दमटपणा आत ओढून घेते तरी हाताला ओली लागत नाही. त्यामुळे तिकडच्या कोळ्याला आणि इकडच्या मेंढक्याला एकच युक्ती सुचली.

ताई, समुद्रावर वाळूत बसायला घोंगडी न्या. चादर वाळू धरते, भिजली की दगडासारखी जड होते. घोंगडी झटकली की मोकळी.

पूर्वभागवाला
ओ सणगर, चादरीला बोलायचं काम नाही. आमच्या बाप-आज्याचा जन्म चादरीच्या जेकार्ड मागावर गेला. २००० नंतर भौगोलिक मानांकन मिळालेल्या पहिल्या पहिल्या वस्तूंत सोलापुरी चादर हाय. दोन्ही बाजूंनी डिझाईन दिसतं, उलटी-सुलटी कळत नाही. तुमची घोंगडी अंगावर घेतली की रात्रभर खाजवत बसायचं.

सणगर_सांगोला
चादर झोपायला. घोंगडी जगायला. 😄

पूर्वभागवाला
हे बरं हाय. चादर झोपायला म्हणजे मान्य केलं.

अनुराधा_काकू
वय ७१. तुमच्या मावशींबद्दल लिहायचं म्हणून मुलाला टाईप करायला बसवलंय.

मी यजमान गेल्यावर जवळजवळ वर्षभर हातात सुई धरली नाही. लोक म्हणायचे, काहीतरी कर, मन रमेल. मन रमवायचंच नसतं तेव्हा, कसं कळत नाही लोकांना? रमलं तर आपण माणसाला विसरलो असं वाटतं. मग एक दिवस सून म्हणाली, "आई, बाबांच्या धोतरांचं काय करायचं?" कोणाला देववेनात. मी म्हटलं वाकळ करू. तिला शिवता येत नव्हतं. तिला शिकवायला म्हणून मी बसले.

खाली जुनं लुगडं, मध्ये धोतरांच्या घड्या, वर माझी इरकली. कडेकडेने धावदोरा घालत मध्याकडे यायचं. चार बायका चार कोपऱ्यांना बसल्या तर सगळ्यांची तोंडं एकमेकींकडे होतात आणि काम जसं पुढे सरकतं तशा त्या जवळ येतात. आमच्या आजीची पद्धत होती, शेवटचा कोपरा शिवताना आत भाकरीचा तुकडा घालायचा, वाकळ उपाशी राहू नये. सुनेने तिथं बिस्किट घातलं. मी काही बोलले नाही.

तर मावशींना "तू विण" म्हणू नका. तुमच्या बहिणीच्या पोरांपैकी एखाद्याला त्यांच्यापुढे सुया देऊन बसवा आणि चुकीचं विणू द्या. विणणाऱ्या बाईला समोर चुकीचा टाका बघवत नाही. समुद्र असो की तुळजापूर वेस.

निशिगंध_स
काकू 🙏 मुलालाही नमस्कार सांगा, छान टाईप केलंय.

अनुराधा_काकू
मी मुलगाच. आई स्वयंपाकघरात गेली. बिस्किट पार्ले होतं हे लिहायचं राहिलं म्हणतेय.

माळरान
काकू, एकाच्या हाताला शिकवण्यासाठी दुसऱ्याचा हात चालू होणं, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. आम्ही आईला फिरवलं, पण तिच्याकडून काही मागितलं नाही. सुईदोरा, जा तुम्ही. माझा आक्षेप लोकरीपुरताच ठेवतो. सुती दोरा न्या, दुपारी घाम येतो.

खवय्या_नवीपेठ
भावनिक झालं वातावरण. आता हुरड्यावर या. समुद्रावर हुरडा नेता येईल का?

कडकभाकरी
नाही. कणीस तोडल्यावर काही तासांत गोडी उतरते. तोडायचं, गोवऱ्यांच्या आगटीत भाजायचं, चोळायचं, तिथंच खायचं. सुरती असो की गुळभेंडी. प्लास्टिकच्या पिशवीतून मॉलमध्ये मिळतो त्याला हुरडा म्हणणाऱ्यांशी मी बोलत नाही.

रायगडची_रेवती
हुरडा नको, पोपटी करा! आमच्याकडे अलिबागच्या बाजूला डिसेंबर ते फेब्रुवारी पोपटीचे दिवस. मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा पाला, वर वालाच्या शेंगा, मीठ, ओवा, बटाटे, कांदे, कोणी अंडी, कोणी मसाला लावलेलं चिकन, परत वरून पाला गच्च. मडकं उलटं करून त्याच्याभोवती गवत-काटक्या पेटवायच्या. थेंबभर पाणी नाही, पाल्याच्या आणि शेंगांच्या ओलाव्यावर आत सगळं शिजतं-भाजतं. अर्ध्या-पाऊण तासात वास सुटतो. शेतात, समुद्राच्या वाऱ्यात, शेकोटीभोवती पंधरा-वीस माणसं. ओव्हन कशाला लागतो? सुईदोरा ताई, गुहागरपेक्षा दिवेआगरला या. पुण्याहून ताम्हिणीमार्गे बहिणीलाही जवळ. किनारा तिथलाही सपाट आहे.

भाऊ_दापोलीकर
पोपटीपुढे हात टेकले. पण ताई सोलापूरहून येणार. सोलापूर-मंगळवेढा-सांगोला-मिरज-कोल्हापूर-आंबा घाट-रत्नागिरी असा सरळ रस्ता आहे. आईंना कोल्हापुरात मुक्काम द्या, एका दिवसात ओढू नका. ताम्हिणीची वळणं म्हाताऱ्या माणसांना त्रासाची.

रायगडची_रेवती
आणि आंबा घाट काय विमानतळाची धावपट्टी आहे?

सुईदोरा
भांडू नका, दोन्हीकडे येईन कधीतरी! गुहागर पक्कं करतेय, कारण तिथं मागच्या अंगणाचं घर मिळतंय आणि मालकीणबाईंच्या स्वयंपाकघरात पॉवर प्लग आहे. पोपटीचं विचारलं तर म्हणाल्या, "आमच्याकडे ती पद्धत नाही, पण मडकं देते."

पूर्वभागवाला
तारखा काय? गड्डा, आपली संक्रांतीची सिद्धेश्वर यात्रा, सोडून जाणार असाल तर मतदान यादीतून नाव काढू तुमचं.

सुईदोरा
गड्डा सोडून कोण जाईल? भोगीच्या आधी घरात. तेलाभिषेक, संमती कट्ट्यावरचा अक्षता सोहळा, नंदीध्वज, काही चुकवणार नाही. आई ६८ लिंगांच्या दर्शनाला आता पूर्ण फिरू शकत नाही, पण दारावरून नंदीध्वज जाताना उभी असते. नाताळ ते एक जानेवारीची गर्दी टाळून नंतरचा आठवडा धरलाय.

निशिगंध_स
मग हलवा कधी करणार? तुमच्या भाचीचं बोरन्हाण आहे ना यंदा? काटेरी हलवा थंड कोरड्या हवेतच होतो. पहाटे शेगडीवर परात, मंद निखारे, खसखस किंवा साबुदाण्यावर पाक चमचा-चमचा सोडत बोटांनी फिरवत राहायचं, तीन-चार दिवस. दमट हवेत काटा येत नाही, नुसते गुळगुळीत गोळे होतात. समुद्रावर करायला जाल तर दागिने चिकट होतील.

खवय्या_नवीपेठ
म्हणजे शेवटी सोलापूरच जिंकलं.

सुईदोरा
हलवा जाण्याआधी इथंच करून डब्यात भरते. दागिने तिथं ओवू का? मावशी हलव्याचा बाजूबंद फार सुबक करते. पण दोऱ्यात ओवेपर्यंत हलवा उघडा राहणार.

अनुराधा_काकू
(मुलगा टाईप करतोय.) आई म्हणते, दागिने परत आल्यावर भोगीच्या आदल्या दिवशी करा. तिथं विणायला बाळाची कुंची न्या. काळी, पांढरी किनार. हलव्याच्या दागिन्यांवर उठून दिसते. घरची कुंची मावशींच्याच हातची व्हायला हवी ना?

सुईदोरा
काकू, काळी लोकर आणली. माळरान, बारीक सुती-मिश्र आहे, ओरडू नका. मावशीने लेबल वाचून "हा धागा उसवतो, दुसरा आण" म्हणून परत पाठवलाय. संध्याकाळी नवी पेठेत जातेय.

पूर्वभागवाला
भावाचं काय ठरलं शेवटी?

सुईदोरा
गाडी तोच चालवणार आहे. अट एकच, वाटेत सांगोल्याला थांबून घोंगडी घ्यायची. @सणगर_सांगोला, किंमत सांगा, तो घासाघीस फार करतो.

सणगर_सांगोला
भाव खाजगी निरोपात कळवला. घासाघीस करा, पण चहा घेतल्यावर.